खादाडाचा मनोरा

प्रश्न : आमची मुलगी मिलानला शिकते. दिवाळीच्या सुमारास ती मैत्रिणींबरोबर सिएना नावाच्या गावी गेली होती. तिथून तिनं एक फोटो पाठवला. लाल विटांचा उंच, सडपातळ मनोरा आणि त्याच्या डोक्यावर पांढरा दगड. खाली लिहिलं होतं, 'आई, खादाडाच्या मनोऱ्यावर चढून आले!' मला वाटलं, चेष्टा करतेय. पण ती म्हणते, नाव खरंच तसं आहे. नगरपालिकेच्या इमारतीवरच्या मनोऱ्याला असलं नाव कसं पडलं? दुसरं म्हणजे, सप्टेंबरात आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत. यांचे गुडघे ठणठणीत आहेत, माझे बेताचे. चारशे पायऱ्या चढून वर असं काय दिसतं, जे फोटोत दिसत नाही?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमच्या मुलीनं चेष्टा केलेली नाही. मनोऱ्याचं नाव 'तोर्रे देल मांजा'. तोर्रे म्हणजे मनोरा. मांजा हा पतंगाचा नव्हे, तर इटालियन भाषेत 'खाणे' या क्रियापदातून आलेला शब्द. जेवायच्या टेबलावर इटालियन आजी नातवाला 'मांजा, मांजा' म्हणते, म्हणजे 'खा रे, खा'. तेव्हा 'खादाडाचा मनोरा' हे भाषांतर चोख आहे. मुलीला शाबासकी द्या.

आता हा खादाड कोण? आपल्याकडे सरकारी इमारत आणि खाणं हे दोन शब्द शेजारी आले की मनात भलतीच शंका येते. तसं काही नाही. हा माणूस स्वतःचेच पैसे खायचा. जोव्हान्नी दि बाल्दुच्चो त्याचं नाव. मनोऱ्याचं काम संपत आलं होतं तेव्हा, १३४७ साली, सिएनाच्या नगरसरकारनं त्याला घंटा वाजवायला नेमलं. दिवसाचे आणि रात्रीचे तास टोल्यांनी गावाला कळवायचे, एवढंच काम. आपल्याकडे जुन्या कचेऱ्यांच्या आणि तुरुंगांच्या दारात पहारेकरी पितळी तास ठोकायचा, तशातलीच ही नोकरी. फरक इतकाच, की याला त्यासाठी चारशे पायऱ्या चढाव्या लागत. पगार हातात पडला की हा गडी तो खाण्यापिण्यात उडवून मोकळा होई. म्हणून गावानं त्याचं नाव ठेवलं 'मांजाग्वादान्यी', म्हणजे कमाईखाऊ. तोंडातोंडी त्याचं झालं मांजा.

पुढची गंमत तर आणखी मोठी आहे. १३६० च्या सुमारास मनोऱ्यावर यांत्रिक घड्याळ आलं आणि टोले द्यायला माणसाची गरज उरली नाही. त्याच्या जागी घंटेवर हातोडा मारणारा एक पुतळा बसवला. गावानं त्या पुतळ्यालाही मांजाच म्हणायला सुरुवात केली! तो झिजला, मोडला, दुसरा आला, पुढे दगडाचाही आला, आणि नाव तेच. यातला एकही पुतळा काही खात नव्हता. शेवटी नाव माणसाकडून पुतळ्याकडे आणि पुतळ्याकडून अख्ख्या मनोऱ्याकडे गेलं. हा मनोरा उभा करायचा हुकूम देणाऱ्या सत्ताधाऱ्यांची नावं आज इतिहासाच्या प्राध्यापकांना ठाऊक असतील. पगार उडवणाऱ्या घंटावाल्याचं नाव मात्र तिकिटावर छापलं जातं.

त्या सत्ताधाऱ्यांबद्दल चार शब्द सांगायला हवेत, कारण मनोऱ्याची उंची त्यांच्यामुळे आहे. १२८७ ते १३५५ या काळात सिएनावर 'नऊ जणां'चं राज्य होतं. व्यापारी आणि सावकारी घराण्यांतले नऊ पुरुष निवडायचे आणि दोन महिन्यांसाठी त्यांच्या हाती गाव द्यायचं. ते दोन महिने त्यांनी मनोऱ्याखालच्या नगरभवनातच राहायचं. दोन महिने संपले की नवे नऊ जण. एखाद्या घराण्याची मुळं खुर्चीत रुजू नयेत, म्हणून ही काळजी. खाली जो प्रचंड चौक आहे, पियात्सा देल कांपो, तो शिंपल्यासारखा उतरता आहे आणि पांढऱ्या दगडी पट्ट्यांनी त्याचे नऊ भाग पाडले आहेत. ते या नऊ जणांसाठीच.

नगरभवन या उताराच्या तळाशी उभं आहे. गावातलं भव्य कॅथीड्रल मात्र टेकडीच्या माथ्यावर. म्हणजे सखल जागेवरच्या सरकारला उंचावरच्या चर्चच्या घंटाघराशी बरोबरी करायची, तर मनोरा भलताच लांब काढावा लागणार. तसाच तो काढला. १३२५ साली पायाभरणी झाली आणि १३४८ पर्यंत सुमारे ८८ मीटरचा मनोरा उभा राहिला. वरची विजेची सळई धरली तर १०२ मीटर. कॅथीड्रलचं घंटाघर आणि हा मनोरा यांचे माथे जवळपास एका पातळीत येतात. धर्मसत्ता आणि नगरसत्ता समान, कोणी कोणाच्या वर नाही, असं त्यातून सांगायचं होतं, असं सिएनाचे लोक आजही सांगतात. अंदाज यावा म्हणून सांगतो, मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ८५ मीटर आहे. तो १८७८ साली पुरा झाला. त्याच्याहून थोडा उंच मनोरा, पण तब्बल ५३० वर्षं आधी, सिमेंट नाही, विटा, दगड आणि चुना. आपल्या दौलताबादचा चांदमिनार याच्यानंतरच्या शतकातला. तोही त्या काळाच्या मानानं थक्क करणारा.

विजेच्या सळईचा उल्लेख आला, म्हणून एक उपकथा. मनोऱ्याचा पाया घातला तेव्हा चारही कोपऱ्यांत ग्रीक, हिब्रू आणि लॅटिन अक्षरं कोरलेले दगड ठेवले, अशी नोंद जुन्या बखरीत आहे. हेतू असा, की मनोऱ्यावर वीज पडू नये. गडगडाट आणि वादळही बाधू नये. एका भाषेवर भरवसा नव्हता, म्हणून तीन! पुढे अठराव्या शतकात फ्रँकलिन या शास्त्रज्ञाची वीज उतरवणारी लोखंडी सळई युरोपभर चर्चेत आली, तेव्हा सिएनानं तीही बसवली. १७७७ साली मनोऱ्यावर वीज कोसळली, सळईवाटे जमिनीत उतरली आणि मनोऱ्याला काही झालं नाही. विद्वानांनी त्यावर लेख लिहिले. कोपऱ्यातल्या दगडांनी काही हातभार लावला का, हे कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, वर काय दिसतं?

फोटोत जे दिसतं, ते सगळं वर दिसतंच. कौलांचा तांबूस समुद्र, पायाखाली शिंपल्याचा चौक, त्यात मुंग्यांएवढी माणसं, टेकडीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कॅथीड्रल, दक्षिणेला स्वच्छ हवेत दूरवर आमियाता पर्वताची निळसर कड. कौलांच्या तांबूस रंगाशी तुमची जुनी ओळख निघेल. घरात कोणी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या असतील, तर रंगाच्या ट्यूबवर 'बर्न्ट सिएना' वाचलेलं आठवेल. तो रंग या गावाच्या नावावरूनच आला. इथल्या मातीत लोखंडाचा अंश आहे. ती माती तशीच वापरली की पिवळट तपकिरी, भाजली की तांबूस तपकिरी. माथ्यावर उभं राहून खाली पाहिलं की अख्खं गाव भाजल्यासारखं दिसतं.

पण तुम्ही विचारलंत, फोटोत नाही असं काय? त्याचं उत्तर मनोऱ्याच्या मागच्या बाजूला आहे. सगळे प्रवासी चौकाकडच्या कठड्याशी गर्दी करतात. तुम्ही उलट्या बाजूला जा. तिथं अगदी पायथ्याशी, गावाच्या तटबंदीच्या आत, हिरवी दरी उतरत गेलेली दिसेल. भाजीचे वाफे, फळझाडं, गवत. नाव ओर्तो दे पेच्ची, म्हणजे पेच्चींचा मळा. चौकातून चालत काही मिनिटांवर शेत! सिएना तीन डोंगरधारांवर वसलंय. घरं धारांवर दाटली आहेत आणि मधल्या दऱ्या रिकाम्या. तट मात्र या रिकाम्या दऱ्यांनाही कवेत घेऊन गेलेला.

असं कसं झालं? तट बांधणाऱ्यांना हिशेब जमत नव्हता का? उलट, हिशेब पक्का होता. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला सिएना युरोपातल्या श्रीमंत गावांपैकी एक होतं. सावकारी, लोकर, रोमकडे जाणाऱ्या यात्रेकरूंचा रस्ता. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास असावी असा अंदाज आहे. गाव वाढणार, या दऱ्याही घरांनी भरणार, म्हणून तट ऐसपैस घेतला. कॅथीड्रल आहे तेही पुरेसं वाटेना. १३३९ साली ठरलं की आहे त्या चर्चला आडवी भुजा करायची आणि त्याहून कितीतरी मोठं नवं चर्च बांधायचं. भिंती उभ्या राहायला लागल्या.

आणि १३४८ च्या वसंतात प्लेग आला. मनोरा पूर्ण झाला तेच साल. काही महिन्यांत गावातली निम्मी किंवा त्याहूनही जास्त माणसं गेली. सिएनाचा बखरकार आन्योलो दि तुरा यानं लिहून ठेवलंय की आपली पाच मुलं त्यानं स्वतःच्या हातांनी पुरली. मनोऱ्याच्या पायथ्याशी एक छोटं उघडं देऊळ चिकटवल्यासारखं दिसतं, ते प्लेगातून वाचलेल्यांनी नवस म्हणून बांधलं. त्यांनी ते १३५२ मध्ये सुरू केलं. नऊ जणांचं राज्य १३५५ मध्ये कोसळलं. नव्या कॅथीड्रलची एक प्रचंड भिंत आजही आकाशाला टेकून उभी आहे, खिडकीच्या जागी नुसतं भोक, मागे काही नाही. स्थानिक लोक तिला 'फाच्चातोने' म्हणतात, म्हणजे भलामोठा दर्शनी भाग. मनोऱ्यावरून ती स्पष्ट दिसते. पुढे १५५५ साली लांब वेढ्यानंतर गाव शरण गेलं, नंतर फ्लोरेन्सच्या मेदिचींच्या हाती आलं आणि वाढीची आशा संपली.

आज सिएनाच्या नगरपालिकेच्या हद्दीत पन्नास हजारांहून थोडे जास्त लोक राहतात. प्लेगाआधी जितके होते, जवळजवळ तितकेच, आणि त्यांतले पुष्कळसे तटाबाहेरच्या नव्या वस्तीत. युनेस्कोनं १९९५ मध्ये या गावाला जागतिक वारसा ठरवलं, ते त्याच्या न बदललेल्या रूपासाठी. वर उभं राहून 'किती सुंदर, जसंच्या तसं!' असं जो तो म्हणतो. मीही म्हणालो होतो. मग मागच्या दरीतला कोबी दिसला आणि जीभ आत गेली. हे रूप कोणी जपून ठेवलेलं नाही. ते अडकून पडलंय. ज्या वाफ्यांत आज कोबी लावलाय, तिथं कोणाच्या तरी नातवंडांची घरं व्हायची होती.

जमलं तर चढण्याआधी किंवा उतरल्यावर नगरभवनातलं संग्रहालय जरूर पाहा. नऊ जण जिथं बसून कारभार करत, त्या खोलीच्या भिंतींवर आंब्रोज्यो लोरेन्झेत्ती या चित्रकारानं १३३८-३९ मध्ये चांगल्या आणि वाईट राज्याची चित्रं काढली. चांगल्या राज्यातलं गाव म्हणजे हेच सिएना. मनोरे, छपरावर काम करणारे गवंडी, चांभाराचं दुकान, शाळेत शिकवणारा मास्तर, रस्त्यात हातात हात घालून नाचणारी मंडळी. तट संपताच लगेच शेतं, गाढवावर माल लादून येणारे शेतकरी. त्या शेतांवर आकाशात 'सुरक्षितता' देवी तरंगते आणि तिच्या एका हातात फासावर लटकवलेला माणूस आहे. नऊ व्यापाऱ्यांना सुरक्षिततेचा अर्थ नेमका ठाऊक होता. चित्रातलं ते गाव आणि मनोऱ्यावरून दिसणारं गाव यांत इतकं साम्य आहे, की क्षणभर गोंधळ होतो. मधे मात्र १३४८ आहे. लोरेन्झेत्ती त्याच साथीत गेला, असं मानतात.

आता गुडघ्यांचं. इथं लिफ्ट नाही. पायऱ्या चारशेच्या घरात, जिना अरुंद, काही ठिकाणी डोकं वाकवावं लागतं आणि समोरून कोणी उतरत असेल, तर भिंतीला पाठ लावून पोट आत घ्यावं लागतं. एका वेळी थोड्याच लोकांना ठरलेल्या वेळेनं वर सोडतात. पिशव्या खालीच ठेवायच्या. पाऊस आला की वरचा जिना बंद, म्हणून पहिल्या दिवशीच तिकीट काढा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. आमच्या गटातल्या एका गृहस्थांनी ती चूक केली आणि दुसरा दिवस छत्री धरून खालून मनोरा बघण्यात घालवला. मध्येच दम लागला तर थांबायला भिंतीत अरुंद खिडक्या आहेत. घाई करू नका. वरून घंटेचा आवाज कानात घुसतो तो वेगळाच. मोठी घंटा १६६६ मध्ये ओतलेली. तिला गाव लाडानं 'सुंतो' म्हणतं, मेरीच्या स्वर्गारोहणाच्या सणावरून. २ जुलैला आणि १६ ऑगस्टला कांपो चौकात घोड्यांची पालियो शर्यत होते. तिच्या आधीच्या मिरवणुकीत ही घंटा संथपणे वाजत राहते. तुम्ही सप्टेंबरात जाताय, शर्यत हुकेल. पण गावातल्या मोहल्ल्यांचे झेंडे तेव्हाही लटकलेले दिसतील: हंस, गोगलगाय, कासव. एकूण सतरा मोहल्ले, आणि त्यांच्यातली भांडणं आपल्या गणेश मंडळांना लाजवतील अशी.

चारशे पायऱ्या झेपणार नाहीत असं वाटलं, तर दुसरा उपाय आहे. मघा सांगितलेली ती अर्धवट चर्चची भिंत, फाच्चातोने. कॅथीड्रलच्या संग्रहालयातून तिच्या माथ्यावर जाता येतं. चढ पुष्कळ कमी, जिना मात्र गोल आणि चिंचोळा. तिथून मनोऱ्यासकट सगळं गाव दिसतं. मनोऱ्यावरून दिसत नाही अशी एकच गोष्ट म्हणजे मनोरा. म्हणून माझं ऐकाल तर यांना मांजावर पाठवा, तुम्ही भिंतीवर जा, आणि एकमेकांना हात करा.

प्रश्न : बोलोन्याच्या मनोऱ्यांबद्दलही मुलगी सांगत होती. तिकडे जाऊन चढावं का?
(त्याच वाचक)

उत्तर : बोलोन्याचा असिनेल्ली मनोरा ९७ मीटर, ४९८ पायऱ्या, त्यामुळे सिएनाहून वरचढ. पण शेजारचा कललेला गारिसेंदा मनोरा धोक्यात आल्याचं लक्षात आलं, तेव्हा २०२३ च्या ऑक्टोबरात असिनेल्लीही बंद केला. दुरुस्ती वर्षानुवर्षं चालणारी आहे. निघण्याआधी चौकशी करा. बोलोन्याच्या विद्यार्थ्यांत एक समजूत आहे: पदवी मिळायच्या आधी असिनेल्ली चढलं, तर पदवी मिळतच नाही. तुमची मुलगी मिलानची आहे, तिला हे लागू नाही. पण परीक्षा तोंडावर असेल तर तिला खालीच कॉफी पिऊ द्या.

अशीच समजूत इंग्लंडात बर्मिंगहॅम विद्यापीठातही आहे. तिथला सुमारे १०० मीटरचा घड्याळाचा मनोरा, 'ओल्ड जो', विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिएनाच्या मांजावर बेतून बांधला. घड्याळाचे टोले पडत असताना त्याच्याखाली उभं राहिलं की नापास, असं तिथली मुलं मानतात. अमेरिकेत प्रॉव्हिन्सटाउन या समुद्रकाठच्या गावीही मांजाची एक नक्कल आहे. १६२० मध्ये तिथं उतरलेल्या इंग्रज यात्रेकरूंच्या स्मरणार्थ ती १९१० मध्ये पुरी झाली. त्या साध्यासुध्या, देवभीरू यात्रेकरूंचा एका इटालियन खादाडाशी काय संबंध, हे बांधणाऱ्यांनी विचारलं नसावं.

सिएनात उतरल्यावर नगरभवनाच्या आतल्या अंगणात थांबा. तिथं दगडी मांजाचे, म्हणजे वर उभं राहून टोले देणाऱ्या त्या शेवटच्या पुतळ्याचे, झिजलेले अवशेष ठेवले आहेत. अठराव्या शतकात त्याला खाली उतरवलं. मग बाहेर चौकात या. सकाळची वेळ असेल, तर मनोऱ्याची लांब सावली उतारावर पडलेली असते आणि उन्हाला कंटाळलेली माणसं त्या पट्ट्यात ओळीनं बसलेली दिसतात. सावली सरकली की तीही सरकतात. तिथंच बसा आणि पानफोर्ते घ्या: सुकामेवा, मध, दालचिनी, मिरी घातलेली सिएनाची जुनी, घट्ट वडी. पैसे किती झाले ते यांना सांगू नका.